शनिवारच्या बाजारातला माझा स्टॉल: २० शनिवारांनंतर

सेंट्रल न्यू जर्सीतल्या आमच्या गावात स्टेशनजवळच्या पार्किंग लॉटमध्ये दर शनिवारी ९ ते १ फार्मर्स मार्केट भरतं. २०२५ च्या सीझनमध्ये, जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत, तिथे स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा स्टॉल लावला. वस्तू एका डायरेक्ट सेलिंग कंपनीच्या, म्हणजे दुकानात न मिळणाऱ्या, माझ्यासारख्या कन्सल्टंटकडूनच घ्याव्या लागणाऱ्या. कमिशन २५ टक्के. गणपतीत मंडळात भेटलेल्या किमान सहा जणींनी मला विचारलं, "परवडतं का गं?" त्यांना उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नुसता विक्रीचा स्टॉल म्हणून परवडत नाही. घरगुती पार्ट्यांचं (कुणाच्या तरी घरी ओळखीच्यांना जमवून वस्तू दाखवायच्या आणि विकायच्या) बुकिंग मिळवायची जागा म्हणून परवडतो, आणि तोही तिथे उभं राहून हाताने चिरून, किसून दाखवायची तयारी असेल तरच.

आधी जागेचं. बरेच बाजार फक्त पिकवणाऱ्यांसाठी असतात, तिथे आपल्याला प्रवेशच नाही. आमच्या बाजारात शेतकऱ्यांशिवाय इतरांना मोजक्या जागा आहेत आणि एका कंपनीचा एकच कन्सल्टंट घेतात. मी फेब्रुवारीत अर्ज केला म्हणून जागा मिळाली, एप्रिलमध्ये विचारलं असतं तर मिळाली नसती. एका शनिवारचे ३५ डॉलर, पण पैसे पूर्ण सीझनचे आधी भरायचे. पावसाने दोन शनिवार बुडाले, त्याचे परत मिळाले नाहीत, तसं अर्जात लिहिलेलंच होतं. शिवाय बाजाराचं नाव घातलेलं लायबिलिटी इन्शुरन्सचं (आपल्यामुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं) सर्टिफिकेट लागतं. माझा वर्षाचा हप्ता २९० डॉलर झाला.

तंबू १० बाय १० फुटांचा. त्याच्या प्रत्येक पायाला २५ पौंड वजन बांधा असा नियम होता. मी पहिल्या शनिवारी पाण्याचे कॅन बांधले. साडेदहाला वारा सुटला, तंबूची एक बाजू उचलली गेली आणि शेजारच्या मधवाल्या आजोबांनी धावत येऊन खांब धरला नसता तर तो त्यांच्या बरण्यांवरच आडवा झाला असता. माझे हात दुपारपर्यंत थरथरत होते. पाणी हलतं, कॅन गोल फिरतो, दोरी सैल पडते. पुढच्या आठवड्यात वाळूच्या पिशव्या घेतल्या, पायाला घट्ट गुंडाळता येणाऱ्या. पुढचे सगळे शनिवार तंबू जागचा हलला नाही. तंबूवर पैसे वाचवा हवं तर, वजनावर वाचवू नका.

पहिले दोन शनिवार मी टेबल अगदी कॅटलॉगमधल्या फोटोसारखं मांडलं होतं. इस्त्री केलेलं कापड, रंगाप्रमाणे लावलेले स्पॅच्युला, मधोमध बेकिंगचा दगड. लोक बघून हसायचे आणि पुढे जायचे. त्यांचं बरोबरच होतं. भाजी घ्यायला आलेल्या माणसाच्या डोक्यात आज काय शिजवायचं एवढंच असतं, किसणी नसते.

तिसऱ्या शनिवारी समोरच्या शेतकऱ्याकडे पानांसकट नवलकोलाच्या जुड्या होत्या. लोक उचलून बघायचे, "हे काय?" विचारायचे आणि परत ठेवायचे. मी एक जुडी विकत घेतली, गड्डा सोलला, आमच्या किसणीवर किसला आणि कोशिंबीर कशी करायची ते सांगायला लागले. लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. पाने चिरून डाळ घालून भाजी. चार माणसं थांबली, त्यांना बघून आणखी तीन. त्या दिवशी तीन किसण्या आणि दोन सोलाणी गेली, आणि समोरचे नवलकोल अकराच्या आत संपले. पुढच्या शनिवारी तो शेतकरी गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागला, की कसं चिरायचं ते त्या बाईंना विचारा. मग मी दर शनिवारी आल्याबरोबर त्याच्याकडून दहा डॉलरची भाजी घ्यायची: जुलैत काकड्या आणि झुकिनी, ऑगस्टमध्ये मक्याची कणसं, सप्टेंबरनंतर बीट आणि भोपळा. त्या बाजारात माझी जागा कुठली, ते मला त्या भाजीने दाखवलं. (भाजी नंतर घरीच शिजत होती, म्हणून हा खर्च हिशेबात धरलेला नाही.)

चव मात्र कुणालाच द्यायची नाही. खायला द्यायचं तर आरोग्य खात्याचा वेगळा परवाना, हात धुण्याची सोय, सगळं आलं. त्यात दाण्याचं कूट म्हणजे ॲलर्जीची जोखीम. मी कृती छोट्या कार्डावर लिहून द्यायचे, मागे माझा फोन नंबर. त्या कार्डांनी कॅटलॉगपेक्षा जास्त फोन आणले.

आता वस्तूंबद्दल, कारण पाच महिने मी त्याच वस्तू घरीही वापरत होते. दोरी ओढायचा चॉपर कांद्याला उत्तम, चार जणांचे कांदेपोहे असतील तर दोन मिनिटांत काम होतं. पण तुकडे सारखे येत नाहीत आणि टोमॅटोचा चिखल होतो, हे मी स्टॉलवर सांगायचे. काप करायचं मँडोलिन धारदार आहे. बोटांचं गार्ड न लावता वापरलं आणि जुलैत अंगठ्याचं टोक गेलं. तेव्हापासून गार्ड लावायला तयार नसलेल्या माणसाला मी ते विकलंच नाही. बेकिंगचा दगड महाग आहे, पण बाजरीची बिस्किटं आणि नान त्यावर सुरेख होतात. वापरून तो काळा पडतो, ते चांगलंच, साबण लावून घासत बसू नका. फ्रीजमधून काढलेला गार दगड तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवला की तडा जातो, माझा एक तसाच गेला. लसणाचा प्रेस मला पटला नाही. आपल्या चटणीला खलबत्ताच हवा, आणि मराठी गिऱ्हाइकाला मी तसंच सांगितलं. एक काकू त्यावर म्हणाल्या, "मग तू सांगतेस त्या बाकीच्या वस्तूंवर विश्वास ठेवायला हरकत नाही," आणि दगड घेऊन गेल्या.

सिलिकॉनच्या आणि प्लास्टिकच्या वस्तूंवर हळदीचे डाग पडतात. अमेरिकन गिऱ्हाइकंही हल्ली हळद भरपूर वापरतात, त्यामुळे हा प्रश्न दर आठवड्याला यायचा. उपाय आपल्या घरचाच: धुवून उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात विटतो. मी डाग पडलेला एक डबा सकाळी टेबलाच्या उन्हाच्या बाजूला ठेवायचे आणि एकपर्यंत फरक दिसायचा.

वयस्कर बायका थांबल्या की हमखास टपरवेअरचा विषय निघायचा. त्यांच्या आईच्या दिवाणखान्यातल्या पार्ट्यांच्या गोष्टी मी मनापासून ऐकल्या. १९५० च्या दशकात ब्राउनी वाइज या बाईंनी ती घरगुती पार्टीची पद्धत देशभर नेली. त्याच टपरवेअरने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, त्यामुळे "तुमची कंपनी तरी राहील ना?" हा प्रश्नही त्याच बायकांनी विचारला. मला माहीत नसलेलं मी सांगितलं नाही. वॉरंटी कंपनीची आहे, माझी नाही, एवढं स्पष्ट केलं.

हिशेब असा. हजर शनिवार १८, दिवसाची सरासरी विक्री २१० डॉलर, म्हणजे कमिशन ९४५. भाडं ७००, इन्शुरन्स २९०, तंबू, टेबलं आणि वजनं मिळून ३४०. स्टॉलवर ३८५ डॉलरचा तोटा. पण स्टॉलवर ओळख झालेल्यांकडून १४ पार्ट्या ठरल्या, त्यातल्या ९ खरंच झाल्या आणि त्यांची विक्री ५६०० डॉलर झाली. त्याचं कमिशन १४००. हातात उरले १०१५. शनिवारचे सात तास आणि प्रत्येक पार्टीचे चार धरले तर १६२ तास, म्हणजे तासाला जेमतेम सव्वासहा डॉलर. न्यू जर्सीत २०२५ चं किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. ही तुलना मी मुद्दाम करते आहे, कारण कंपनीच्या कन्सल्टंटच्या साखळीत माझ्या वर असलेल्या बाई ती कधीच करत नाहीत. त्यांनी मला सुरुवातीलाच ८०० डॉलरचा माल भरून ठेव, टेबल भरलेलं दिसलं पाहिजे, असं सांगितलं होतं. मी ५०० चा घेतला आणि त्यातला १८० चा अजून गराजमध्ये आहे. तो वरच्या हिशेबात धरलेला नाही. मला त्या सल्ल्याचा राग आहे. माल भरला की त्यांच्या खात्यात विक्री दिसते, माझ्या खात्यात नाही. ज्यांच्या घरी दर महिन्याचे पैसे मोजून येतात त्यांनी तरी पंधरा डॉलरच्या आतल्या वस्तू सोडून काहीही साठवू नये. मोठी वस्तू दाखवायची आणि ऑर्डर घ्यायची.

कागदपत्रांत तीन गोष्टी. राज्याचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. भाजीवर तो नाही, आपल्या वस्तूंवर आहे. ऑनलाइन ऑर्डरवर माझी कंपनी तो स्वतः घेते, पण हातोहात विक्रीसाठी राज्याकडे नोंदणी करावी लागते आणि ते प्रमाणपत्र स्टॉलवर लावावं लागतं. दुसरं, अशा तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा जास्तीची विक्री झाली की केंद्राच्या नियमाने गिऱ्हाइकाला तीन कामाच्या दिवसांत ती रद्द करता येते, आणि हे आपणच त्याला सांगून फॉर्म द्यायचा असतो. शनिवारी घेतलं तर बुधवारी मध्यरात्रीपर्यंत. तिसरं, या कामासाठी गाडी चालवली त्याचे मैल लिहून ठेवा. २०२५ ला करात मैलामागे ७० सेंट वजावट होती, माझे ४२० मैल झाले. त्यानंतरही निव्वळ उत्पन्न ४०० च्या वर राहिलं, त्यामुळे १५.३ टक्क्यांचा सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर) लागणारच, साधारण १०० डॉलर. आणि ज्या एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहेत आणि ईएडी (काम करायचा परवाना) नाही, त्यांनी हे करू नये. "हे काम नाही, छंद आहे" असं कुणी सांगितलं तरी करू नये.

पुढच्या वर्षी मी परत जाणार आहे. तंबूचा खर्च आता होऊन गेला आहे, पण मुख्य म्हणजे जागा बदलून मिळाली आहे: त्याच शेतकऱ्याच्या अगदी शेजारी. फक्त जुलै ते सप्टेंबर, एक आड एक शनिवार, तसं बाजाराच्या व्यवस्थापकांनी कबूल केलं आहे. त्या शेतकऱ्याला मी शेपू लावशील का म्हणून विचारलंय. बी मी देईन असं सांगितलं, तर त्याने मार्चमध्ये आण म्हणून सांगितलंय.