मेट संग्रहालय : शिक्क्यांचा घोडा आणि खिडकीतला उजेड

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात एकाच दिवसात सगळे पाहण्याचा अट्टहास धरू नये; चिनी चित्रे आणि युरोपीय चित्रे ही दोनच दालने निवडली तरी पाय बोलू लागतात.

चिनी चित्रकार हान गानने इ. स. ७५० च्या सुमारास कागदावर शाईने रेखाटलेला, सम्राट श्वानझोंगचा खुंटाला बांधलेला घोडा जेमतेम वीतभर उंचीचा आहे, पण त्याचे वटारलेले डोळे आणि उभी राहिलेली आयाळ पाहताना त्या दोरीचीच काळजी वाटते. चित्राभोवती पुढच्या शतकांतील संग्राहकांनी लाल शिक्के उमटवले आहेत. प्रथम मला ती विद्रूपता वाटली. मात्र चिनी परंपरेत रसिकाची दादही कलाकृतीचाच भाग होते, हे ध्यानात आल्यावर मी एकेक शिक्का न्याहाळत राहिलो. उजेडाने झिजणारी अशी चित्रे आलटूनपालटून मांडतात, म्हणून जाण्यापूर्वी संकेतस्थळावर खात्री करावी.

डच चित्रकार व्हर्मीरच्या १६६२ च्या सुमाराच्या चित्रात एक तरुणी एका हाताने खिडकी आणि दुसऱ्या हाताने पाण्याची सुरई धरून उभी आहे. तिथे दर्शकाची जागा चित्रकाराने आधीच ठरवलेली असते; हान गानच्या घोड्यासारखे गुंडाळीचित्र, म्हणजे गुंडाळून ठेवायचे लांबट चित्र, मात्र उजवीकडून डावीकडे उलगडत वाचायचे. सुरईखालच्या तबकाच्या तळाशी टेबलावरच्या गालिच्याचे लाल प्रतिबिंब उमटले आहे, ते जवळ जाऊन अवश्य शोधावे.

प्रौढांचे तिकीट ३० डॉलर, म्हणजे स्वस्त नव्हे. थकल्यावर चीनमधल्या सुजौच्या बागेच्या धर्तीवर १९८१ मध्ये खुल्या झालेल्या, संग्रहालयातल्याच ॲस्टर कोर्ट या अंगणात बसावे.