शब्बाथ: सगळे नियम की समजून केलेली निवड?

शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लावले की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. प्रश्न त्यापुढच्या दिवसाचा.

परंपरानिष्ठ घरात 39 प्रकारची कामं वर्ज्य. विस्तव पेटवायचा नाही, म्हणून विजेचं बटणही दाबायचं नाही. गाडी नाही, फोन नाही. जीव वाचवायचा असेल तर मात्र नियम मोडावाच लागतो. बाहेरून हा जाच वाटतो. पण मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: श्रद्धा डळमळली तरी दिवस पाळता येतो, मनाची खात्री होईपर्यंत थांबावं लागत नाही.

सुधारणावादी वाट म्हणते, आधी शिका, मग ठरवा. मुंबईत डॉ. जेरूशा झिराड यांनी 1925 साली ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली, ती याच विचाराची. इथे प्रामाणिकपणा जास्त, पण दर आठवड्याला स्वतःलाच उत्तर द्यावं लागतं. कंटाळ्यालाही निवड म्हणण्याचा मोह होतो.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, पण एक दिवस त्या घाण्यासारखा पूर्ण बंद ठेवूनच.