भोसरीचं डिझेल वर्कशॉप: आतलं काम पाच स्टार, खाऱ्या पाण्याचं दोन

आधीच सांगतो, वर्कशॉपचं नाव लिहीत नाहीये. मालकांनीच सांगितलंय की ऑनलाइन कायपण टाकू नका, आहेत तीच कामं उरकत नाहीत. टेल्को रोडवरून एमआयडीसीत आत वळलं की डीजी सेटची (डिझेल जनरेटरची) आणि क्रेनची इंजिनं उघडून पडलेल्या ज्या शेड लागतात त्यातली एक समजा.

आमच्या बोटीची दोन इंजिनं तिथे उघडून दुरुस्त करून घेतली, ती कुठली ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आम्ही चौघांनी मिळून घेतलेली सेकंडहँड फायबरची मोटर यॉट, असते मांडव्याच्या बाजूला, आणि तिच्यात दोन कमिन्स ६बीटीए मरीन, प्रत्येकी सहा सिलिंडर, ५.९ लिटर, २८०० आरपीएमला ३३० हॉर्सपॉवर. कॉम्प्युटर नाही, सेन्सरची भानगड नाही, बॉशचा मेकॅनिकल पंप. फुल थ्रॉटलला एकेक इंजिन तासाला साठ लिटरच्या आसपास डिझेल पितं, म्हणजे दोन्ही मिळून तासाला दहा हजार रुपये धुरात, हे ज्यांना यॉट घ्यायची हौस आहे त्यांनी आत्ताच वाचून ठेवा.

आता ही दोन धुडं घाट चढवून पुण्यात कशाला आणायची असं सगळ्यांनीच विचारलं. कारण हेच बी सिरीजचं इंजिन टाटाच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षं चाललंय, त्यामुळे बेअरिंग, गॅस्केट, ऑइल पंप हे सगळं इथे हातासरशी मिळतं, आणि डिझेलवाली माणसं जितकी या गावात आहेत तितकी दुसरीकडे क्वचित. १९४६ पासून खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६२ पासून कोथरूडला कमिन्स, तिथे आयुष्य घालवून रिटायर झालेले लोक शेडमध्ये टूल घेऊन बसलेत. मुंबईत एका मरीन सर्व्हिसवाल्याने झाकणसुद्धा न उघडता दोन्ही इंजिनं नवीनच टाका म्हणून कोटेशन दिलं होतं. भोसरीत दोन्हीचं मिळून सात लाखांच्या आत झालं.

काम कसं झालं तर एक नंबर. अण्णांनी (मालक, सगळे अण्णाच म्हणतात) पहिल्यांदा बोअर (पिस्टन चालतो ती भोकं) मोजले आणि मला बोअर गेजचे आकडे वाचायला लावले. या इंजिनाला लायनर (बदलता येणारी आतली नळी) नसतो, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो, त्यामुळे बोअर गेला तर ओव्हरसाइज करा (म्हणजे भोक वाढवून मोठा पिस्टन) नाहीतर ड्राय स्लीव्ह (वेगळी नळी) मारा, स्वस्तात सुटका नाही. आमचे बारातले अकरा बोअर चांगले, उजव्या इंजिनाचा एकच खराब, तो का खराब झाला ते पुढे येतंय. पिस्टन ट्रकचे टाकले तर निम्म्यात होईल असं मीच विचारून पाहिलं, अण्णा म्हणाले, "दादा, ट्रक घाटात दहा मिनिटं ओढतो आणि मग उताराला श्वास घेतो. तुमच्या बोटीला उतार कुठंय?" मरीनचे पिस्टन वेगळे असतात, ते बाहेरूनच मागवायला लावले, त्यात महिना गेला. डिझेल फवारणारे नोझल टेस्टरवर बाराच्या बारा माझ्यासमोर उघडून दाखवले, टॅपेटची फट इनटेक १० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट २० थाउ, पुस्तकात आहे तसंच. शेवटी डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायचं मशीन) लोड देऊन दोन्ही इंजिनं २८०० ला पूर्ण ओढतात हे दाखवलं. या सगळ्याला पैकीच्या पैकी.

पण खाऱ्या पाण्याची बाजू लागली की यांचा हात अडतो. ट्रकला पुढे रेडिएटर आणि हवेवर थंड होणारा इंटरकूलर असतो, विषय संपला. बोटीत समुद्राचं पाणी आत ओढून हीट एक्स्चेंजर (इंजिनातलं पाणी थंड करतो) आणि आफ्टरकूलरमधून (इंजिनात जाणारी हवा थंड करतो) फिरवतात आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये सोडतात. आफ्टरकूलरचं बाहेरचं घर अ‍ॅल्युमिनियमचं, आतली नळ्यांची जाळी तांबं-निकेलची, मधे खारं पाणी, म्हणजे गंज ठरलेलाच. ओ-रिंग गेली की समुद्र थेट इनटेकमधून सिलिंडरमध्ये. आमचा तो एक बोअर असाच गेला होता, आधीच्या मालकाने आफ्टरकूलर कधी उघडलाच नव्हता. हे युनिट दर दोन सीझनला काढून, धुऊन, नव्या ओ-रिंग घालून, जोडावर भरपूर ग्रीस लावून, प्रेशर टेस्ट करूनच परत बसवायचं असतं. वर्कशॉपच्या पोराने काय केलं तर ग्रीसऐवजी सिलिकॉन सीलंट चोपडला, छान घट्ट बसतं म्हणे. घट्ट बसतंच, पुढच्या वेळी निघत नाही! मी तिथेच उभा होतो म्हणून परत उघडायला लावलं. प्रेशर टेस्टचं तर नावच नाही, टेस्टसाठी तोंडं बंद करायची झाकणं मी बनवून नेली तेव्हा झाली.

इम्पेलरचंही तेच. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या सी वॉटर पंपाच्या रबरी इम्पेलरची (आतल्या फिरत्या चक्राची) पाती तुटलेली होती, त्यांनी नवीन इम्पेलर टाकला आणि विषय मिटला असं समजले. अहो पण तुटलेली पाती गेली कुठे? दोन तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले मिळाले, ते राहिले असते तर पहिल्याच फेरीत इंजिन तापलं असतं. झिंक (बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजून जाणारा जस्ताचा तुकडा) हा प्रकार काय असतो हे तर मी त्यांना समजावून सांगितलं. आणि रंग! इंजिनाला डीजी सेटचा हिरवा मारायची तयारी झाली होती, पांढरा का पाहिजे तर ऑइल किंवा डिझेल गळलं की लगेच दिसतं म्हणून, हे पटायला त्यांना दोन चहा लागले.

अजून एक गोष्ट इथे लिहितो, कारण यात अण्णांना शिव्या खाव्या लागल्या असत्या. बोटीत बसवल्यावर इंजिनं २६५० च्या वर जाईनात आणि काळा धूर. आमच्यातला एक लगेच पंपाच्या नावाने ओरडायला लागला. अण्णांना फोन लावला तर ते शांतपणे म्हणाले, "डायनोला ओढलं ना तुमच्यासमोर? मग वर नाही, खाली बघा." खाली म्हणजे पंखा. ट्रकला गिअर बदलता येतो, बोटीला पंख्याचं जे पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) असेल तेच ओझं, आणि फुल थ्रॉटलला रेटेड आरपीएम गाठत नाही म्हणजे इंजिन कायम ओव्हरलोड, अशी इंजिनं लवकर मरतात. तळाला कालवं चिकटली नव्हती, पिचच जास्त होतं. पिच इंचभर कमी केलं की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम सुटतात, एक इंच कमी करून घेतलं, २८०० ओलांडून थोडं वर गेलं, धूर बंद.

एकूण वागणूक चांगली, हिशोब वहीत लिहिलेला, जुने पार्ट पोत्यात भरून परत देतात. वेळ मात्र पाळत नाहीत, आठवडा म्हणाले की तीन धरा, आणि शनिवारी फोन उचलत नाहीत.

जायचं असेल तर एप्रिलमध्येच नंबर लावा, पावसाळ्यात बोट वर काढल्यावर मग आठवण झाली तर सीझन हातचा जातो. गिअरबॉक्स काढूनच न्या, उचलायला चेनकप्पी आहे त्यांच्याकडे पण इंजिन ठेवायचा स्टँड तुमचा तुम्ही बनवून न्या. आफ्टरकूलर, हीट एक्स्चेंजर आणि एल्बो त्यांना देऊ नका, घरी घेऊन या.