कारंज्याचा पंप घेताय? माझ्या पंपाच्या स्टिकरखाली दुसराच स्टिकर निघाला

"३ मीटर उंचीवरसुद्धा ताशी ३००० लिटर पाणी देतो, बिनधास्त घ्या," असं छातीठोकपणे सांगून विक्रेत्याने २५ वॅटचा सबमर्सिबल पंप माझ्या गळ्यात मारला. माझं कारंजं छोटंच. टाकीतल्या पाण्यापासून तोटी जेमतेम सव्वा मीटर वर. पंप सुरू केला, तर पाणी नळीत मीटरभर चढलं आणि अडलं. वर थेंब नाही, खाली नुसती घरघर.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: नळी बारीक आहे. ही शुद्ध थाप. बारीक नळीने धार कमी होते, पण पाणी जास्तीत जास्त किती उंच चढेल ते नळीच्या जाडीवर ठरत नाही.

मग नळीचं तोंड पाण्याच्या पातळीलाच धरून १० लिटरची बादली लावली. ताशी ३००० लिटर म्हणजे ती १२ सेकंदांत भरायला हवी. मिनिट उलटून गेलं तरी काठाशी यायची होती. वॅटमीटर लावला, तर आकडा ८ च्या आसपास. पंप बाहेर काढून पुसताना स्टिकरचा भिजलेला कोपरा सुटलेला दिसला. नखाने ओढला, तर खाली दुसरा स्टिकर: ८ वॅट, ताशी ६०० लिटर, कमाल हेड (म्हणजे पाणी जास्तीत जास्त चढेल ती उंची) १ मीटर. आतली मोटर इपॉक्सीत बंद असते, त्यामुळे उघडून खात्री करायची सोयच नाही. वर हवा तो आकडा चिकटवा!

खरं तर तो दावा कागदावरच उघडा पडतो. ताशी लिटर गुणिले मीटर, भागिले ३६७, म्हणजे पाणी उचलायला लागणारे वॅट. ३००० गुणिले ३ भागिले ३६७ म्हणजे साडेचोवीस. इतके छोटे पंप निम्मी वीजही पाण्यापर्यंत पोहोचवत नाहीत. २५ वॅटमध्ये हे कुठून जमणार?

खऱ्या खोक्यावरचे आकडेही नीट वाचा. कमाल लिटर असतात शून्य उंचीला, आणि कमाल हेडला पाणी येतं शून्य. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत. सव्वा मीटरसाठी निदान २ मीटर हेडचा पंप बघा, आणि उंची पाण्याच्या पातळीपासून मोजा, पंपापासून नाही.

परत द्यायला गेल्यावर ऐकवलं, "कोरडा चालवला असणार, गॅरंटी लागू नाही." कोरडा चालवल्याने पंप खराब होतो, हे खरं, पण त्याने स्टिकर बदलत नाही. तरी माझी बाजू लंगडी पडली ती बिलामुळे. त्यावर एवढंच: पंप, १ नग. विकताना सांगितलेल्या आकड्यांचा मागमूस नाही.

तेव्हा मॉडेल, वॅट, ताशी लिटर आणि कमाल हेड बिलावर लिहूनच घ्या, आणि कारंज्यात बसवण्याआधी बादली लावून बघा. लिहून द्यायला कां-कू केली, तर पंप तिथेच ठेवून निघा.