‘गट-हॉर्मोन रीसेट’ पॅकेज: पैसे तर गेलेच, थायरॉइडही बिघडला

पोट (इंग्रजीत ‘गट’) सुधारा, हॉर्मोन्स आपोआप सुधारतील, असं सांगणाऱ्या रील्सचा सध्या नुसता पूर आलाय. त्यातल्या एका ९० दिवसांच्या पॅकेजला मी २४,९९९ रुपये मोजलेत. नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगाकडे आहे. शिवाय नाव कळून फार उपयोगही नाही, हाच माल दुसऱ्या नावाने विकणारे ढिगाने आहेत. त्यांची पद्धत कळली तर पुरे.

मुळात ही पॅकेजं विकणाऱ्या कोच सांगतात ते सगळं थापा नसतं, आणि मेख तिथेच आहे. फुकटच्या वेबिनारमध्ये ऐकलेलं मी नंतर एकेक करून तपासलं. यकृत इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनला बांधून पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाच्या एन्झाइमने ते पुन्हा मोकळं करतात आणि त्यातलं थोडं रक्तात परत जातं. हे खरं आहे. या कामातल्या जिवाणूंच्या जनुकांना २०११ साली ‘इस्ट्रोबोलोम’ असं नावही मिळालं. मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन शरीरात ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात बनतं, हेही खरं. फक्त ते तिथून मेंदूत पोचत नाही, हे पुढचं वाक्य वेबिनारमध्ये गाळलेलं होतं. भूक लावणारं घ्रेलिन जठरात बनतं, पोट भरल्याचं कळवणारं जीएलपी-१ आतड्यात. तेही खरं. पण ‘आतड्याचा हॉर्मोन्सशी संबंध आहे’ इथून थेट ‘म्हणून आमची पावडर घ्या’वर जी उडी मारली जाते, तिला मध्ये कुठेही आधार नाही.

मला दुसऱ्या बाळंतपणानंतर हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याचा आजार, निघाला. हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते. ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती, टीएसएच ३.१, म्हणजे व्यवस्थित. (थायरॉइड कमी पडला की रक्तातला हा आकडा वाढतो.) वजन मात्र तसूभर हलत नव्हतं. आणि केस. केसांबद्दल न बोललेलंच बरं.

पॅकेजमध्ये शिरल्यावर पहिली खरेदी असते टेस्ट किटची, ६,५०० रुपये वेगळे. बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घ्यायचे आणि कुरिअर करायचे. ‘फूड इनटॉलरन्स’चा रंगीत रिपोर्ट आला. गहू, दही, तूरडाळ, शेंगदाणे लाल. क्विनोआ, ब्लूबेरी, सामन मासा हिरवा. सासूबाईंनी चष्मा लावून सगळा रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आपली वाण्याची यादी!” एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, तेच अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना सांगत आल्या आहेत. ही आयजीजी नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मोजणारी चाचणी. एखादा पदार्थ आपण खातो, शरीराच्या ओळखीचा आहे, एवढंच तिच्यातून कळतं. तो सोसत नाही असं त्यावरून ठरवू नये. गव्हाचा खरा त्रास, म्हणजे सिलियाक, शोधायचा तर टीटीजी-आयजीए ही वेगळी चाचणी असते, आणि ती गहू खात असतानाच करावी लागते. आधीच पोळी बंद केली तर आजार असूनही निकाल चुकीने निगेटिव्ह येऊ शकतो. हाशिमोटो असलेल्यांत सिलियाक इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि त्यात गोळी नीट शोषली जात नाही. म्हणजे पोट आणि हॉर्मोन्सचा तपासण्याजोगा एक धागा खरोखरच होता. तो या मंडळींनी पाहिलाच नाही, उलट पोळी बंद करून तो तपासण्याची वाटही अडवली.

मग पावडर. इसबगोल, कॅल्शियम, ‘प्रोबायोटिक ब्लेंड’ आणि १० मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे केसांसाठी म्हणून विकलं जाणारं जीवनसत्त्व. सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, गोळीसोबतच घ्यायची. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या कुणालाही इथे खटकेल. ती नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या किंवा चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि तिच्यात व कॅल्शियम वा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायचं असतं. कोचला मी हे विचारलं. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, “मॅम, कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.” दहा मिनिटांत तिचाच फोन. “ताई, एकत्र घेतलं तरी चालतं हो. आणि गोळी दिवसाआड करा, शरीराला स्वतः काम करायची सवय लागू दे.”

लेखी एक आणि तोंडी एक, हे पुढेही तसंच चाललं. धोक्याचा शब्द कधीच टाइप केला जात नाही. कुणी कोच चॅट सोडून फोनवर यायला लागली की समजा, तिथे काहीतरी आहे.

हळूहळू डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. आवाज घोगरा झाला, टाचा फुटल्या, मे महिन्यात डोंबिवलीच्या लोकलमध्ये मला थंडी वाजायची. पाळीत रक्तस्राव वाढला. पोट चार-चार दिवस साफ होईना. ग्रुपवर सांगितलं तर हार्टचे इमोजी आणि “हीलिंग क्रायसिस आहे डिअर, टॉक्सिन्स बाहेर पडतायत”. बद्धकोष्ठावर तर कोच जवळजवळ खूश झाली: बघा, दोष तुमच्या आतड्यातच आहे! प्रत्यक्षात थायरॉइड कमी पडला की आतड्याची हालचालच मंदावते. संबंध होता तो असा, उलट्या दिशेने, आणि तो घडवून आणला होता गोळी दिवसाआड करणाऱ्या तिच्या सल्ल्याने.

मग तिने सांगितलेल्या लॅबमध्ये रक्त दिलं. थायरॉइडला उपाशी राहायची गरज नाही, पावडर पिऊनच जा, असं सांगितलं होतं. टीएसएच आला १.२. गोळी निम्मी आणि रिपोर्ट पहिल्यापेक्षा छान! त्याचा स्क्रीनशॉट, नाव पुसून, त्यांच्या पेजवर दुसऱ्या दिवशी झळकला. घरचे म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे ना, मग थकवा कसला. असा रिपोर्ट हातात असताना माणसाला स्वतःच्या सुजलेल्या चेहऱ्यापेक्षा कागद खरा वाटतो.

ठाण्यातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हॉर्मोनच्या डॉक्टरांनी) कागद बाजूला ठेवला आणि आधी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय झटकन उडतो, पण परत यायला वेळ लावतो, हे त्यांनी मला दाखवलं. मग विचारलं, “केसांसाठी काही घेता का?” मी पर्समधून डबा काढला. त्यांनी बायोटिनच्या ओळीवर पेनाने खूण केली. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये यंत्रातली रसायनं एकमेकांना पकडून ठेवायला बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ती पकड सुटते, आणि टीएसएच आहे त्यापेक्षा कमी, तर टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, जास्त दिसतं. थायरॉइड बिघडलेल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. दिवसाला लागतं ३०-४० मायक्रोग्रॅम, माझ्या डब्यात त्याच्या काहीशे पट.

पावडर बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. टीएसएच २८.

बायोटिनची ही करामत कोचला ठाऊक होती की नाही, सांगता येणार नाही. ठाऊक नसेल तर ती कुणाच्याही गोळीला हात घालायला नालायक आहे. ठाऊक असेल तर पुढचं बोलायलाच नको. दोन्हींत फायदा तिचाच.

आता पैशांचं. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ म्हणजे माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही, चुकवला तर सिबिल खराब. रिफंड मागितल्यावर “डिजिटल प्रॉडक्ट नॉन-रिफंडेबल” आणि लगेच ग्रुपमधून काढलं. ग्रुपमध्ये असतानाच चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, एवढं नक्की सांगेन.

डब्यावर मुंगीच्या अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ होतं. अशा सप्लिमेंटवर ते छापावंच लागतं. जाहिरातींतही ‘बरा करतो’ असं कुठेच नसतं, ‘सपोर्ट’, ‘बॅलन्स’, ‘रीसेट’ असतं. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत पाळीचे विकार, गलगंड, लठ्ठपणा हे सगळं आहे, म्हणून ही शब्दांची कसरत.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने तिथे “क्लायंटने सूचना पाळल्या नाहीत” असं उत्तर दिलं, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन गेले. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावडरची तक्रार वेगळी, अन्न सुरक्षा खात्याकडे. त्यासाठी डबा फेकू नका, लेबलवरचा बॅच नंबर आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक लागतो. फोनवरचं बोलणं सिद्ध करणं मला जड जातंय. माझ्याकडे आहे तो फक्त कॉल-लॉग, प्रत्येक “डॉक्टरांचा सल्ला घ्या” मेसेजनंतर लगेच आलेल्या फोनचा, आणि तोच मी तक्रारीला जोडलाय.