तालुक्याचं साप्ताहिक : चौपानी ब्रॉडशीट की आठपानी टॅब्लॉइड?

साप्ताहिक काढायचं ठरलं की पहिली चर्चा खर्चाची होते, आणि ती लगेच संपते. ब्रॉडशीटचा एक ताव म्हणजे चार पानं. तोच आणखी एकदा दुमडला की टॅब्लॉइडची आठ. कागद तेवढाच. तेव्हा ठरवायचं ते एवढंच, की पहिल्या पानावर तालुका कसा दिसावा.

ब्रॉडशीटच्या पहिल्या पानावर लीड (मुख्य बातमी), दोन-तीन डीसी (दोन कॉलमी बातम्या), कडेला सिंगलांची (एक कॉलमी बातम्यांची) रांग आणि तळाला अँकर (पानाच्या तळाची आडवी बातमी) लावूनही पाच-सहा गावांच्या डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीची गावांची नावं, बसतात. कालव्याचं आवर्तन, बाजार समितीतले कांद्याचे भाव, शाळेची गळकी खोली, यात्रेतलं कुस्तीचं मैदान हे सगळं शेजारी शेजारी आलं की तालुका नांदता वाटतो. एखाद्या आठवड्यात खून पडला तरी त्या गर्दीत तो एक बातमी म्हणूनच राहतो.

टॅब्लॉइडला ही गर्दी झेपत नाही. वर मास्टहेड (अंकाच्या नावाची पट्टी), खाली मोठा फोटो, एक ठसठशीत मथळा, झालं पान. मथळा ज्या बातमीचा, तोच त्या आठवड्याचा तालुका. अंक छपाईला सोडायच्या घाईत मोठ्या टाइपाला पेलेल अशी बातमी शोधताना हात गुन्ह्याकडे जातो, कारण तिथं फोटोही तयार असतो. असे चार अंक ओळीनं गेले की पाहुणेमंडळी विचारतात, ‘तुमच्याकडं काय चाललंय काय हो?’

जाहिरातीत मात्र टॅब्लॉइड सरस. भाऊंच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांना ‘फुल पेज’च लागतं. टॅब्लॉइडचं पूर्ण पान ब्रॉडशीटच्या निम्म्या जागेत होतं, त्यामुळे ते पतसंस्थेला आणि कापड दुकानदारालाही परवडतं. पण आठातली तीन पानं शुभेच्छांनी भरली की अंक फ्लेक्स लावलेल्या चौकासारखा दिसतो. एसटीत उघडायला टॅब्लॉइड सोयीचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो टाकला तरी बराचसा वाचता येतो. ब्रॉडशीटचं कात्रणच टाकावं लागतं.

अक्षरांचा हिशेब वेगळा. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. मथळ्याच्या दोन ओळींत अंतर कमी ठेवलं की ती एकमेकांत अडकतात. आठ कॉलमी पानाच्या सिंगलमध्ये ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’सारखा शब्द आला की त्या ओळीत पांढऱ्या फटी पडतात. ब्रॉडशीट घेतलंत तर सहा कॉलम ठेवा, टॅब्लॉइडला चार पुरेत. वयस्कर वर्गणीदार दुवा देतील.

पान कुणासाठी आहे हे मांडणीतूनच सांगण्याची रीत आपल्याकडं जुनी. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, ते इंग्रजी आणि मराठी मजकुराचे स्तंभ शेजारी शेजारी घेऊन. १९२० साली डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’नं शीर्षभागी तुकोबांचा अभंग छापला. आज मोठी दैनिकं गावाकडची बातमी जिल्ह्याच्या पानांत किंवा पुरवणीत घालतात. आपलं नाव हमखास छापून येतं, पण शेजारच्या जिल्ह्याला त्याचा पत्ता नसतो. गावाला पहिलं पान देणं साप्ताहिकालाच जमण्यासारखं आहे.

म्हणून विखुरलेल्या, पन्नास-साठ गावांच्या तालुक्याला मी ब्रॉडशीटच सांगेन. पुण्या-नाशकातल्या एखाद्या उपनगरापुरता अंक असेल तर टॅब्लॉइड खुशाल घ्या. तिथं पाणी, कचरा, पार्किंग असा एकेक विषय घेऊन पान उभं राहतं. तरी ठरत नसेल तर मागच्या महिन्याच्या त्याच बातम्या घेऊन दोन्हींच्या डमी (नमुना अंक) लावा आणि चहाच्या टपरीवर ठेवा. कोणती जास्त हातांत फिरते ते बघाच, पण शेवटच्या पानापर्यंत कोणती वाचली जाते यावर जास्त लक्ष ठेवा. आणि आकार कोणताही घ्या, पहिल्या पानावर शुभेच्छांची जाहिरात किती उंचीपर्यंत चढू द्यायची ते पहिल्या अंकाआधीच कागदावर लिहून ठेवा. नंतर भाऊंना नाही म्हणणं अवघड जातं.