बसस्थानक मॉलच्या आवारात की आवाराबाहेर? जुने बसमार्ग काय सांगतात

उपनगरातल्या मॉलला बस जोडायची ठरली की पहिला प्रश्न जागेचा येतो. बस आवारात, थेट दारापर्यंत न्यायची, की शेजारी बससेवेच्या स्वतःच्या जागेवर स्थानक बांधायचं? नकाशावर फरक दोन-चारशे पावलांचा दिसतो आणि निर्णय घाईत होतो. पण एकदा बसमार्ग तिथे टेकले की ते पुढच्या दोन-तीन पिढ्या तिथेच राहतात, म्हणून आधीच्यांचं काय झालं ते पाहून ठरवावं.

त्यासाठी अमेरिकेतलं मिनियापोलिस–सेंट पॉल हे जोडशहर उत्तम, कारण तिथे दोन्ही प्रकार एकाच बससेवेने चालवले. मिनियापोलिसची शेवटची ट्राम 1954 मध्ये थांबली आणि दोनच वर्षांनी, 1956 मध्ये, ईडायना उपनगरात साउथडेल उघडला. व्हिक्टर ग्रुएन यांनी रचलेला हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असा पहिला मॉल. पाठोपाठ ब्रुकडेल (1962), रोझडेल (1969) आणि रिजडेल (1974) आले. सगळी मांडणी मोटारवाल्यांसाठी होती. मधे इमारत, भोवती पार्किंगचं मैदान.

तरीही बसमार्ग आखणाऱ्यांना मॉल हवाच होता. ऑफिसच्या मार्गावर सकाळी एका दिशेला गर्दी असते आणि उलटी फेरी रिकामी धावते. मॉलकडे मात्र दुपारी, संध्याकाळी, सुटीच्या दिवशीही माणसं जातात, आणि त्यांत गिऱ्हाइकांइतकेच दुकानांत काम करणारे असतात. विखुरलेल्या उपनगरात असं दुसरं ठिकाण सापडत नाही, म्हणून एकेका मार्गाचं शेवटचं टोक मॉलला बांधलं गेलं.

आवारातलं स्थानक

रोझडेलचं स्थानक मॉलच्या आवारातच आहे. मिनेसोटाच्या हिवाळ्यात बसमधून उतरून लगेच उबेत शिरता येणं ही मोठी सोय. इथून स्नेलिंग अव्हेन्यूने दक्षिणेकडे जाणारा 84 क्रमांकाचा मार्ग जुना. त्याच्या बहुतेक भागावर 2016 मध्ये ए लाइन ही जलद बससेवा आली. तिचं उत्तरेचं टोकही रोझडेलच राहिलं.

मॉल ऑफ अमेरिका 1992 मध्ये उघडला. 2004 च्या डिसेंबरात लाइट रेल, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, तिथपर्यंत आली, 2013 मध्ये ॲपल व्हॅलीकडून रेड लाइन बस सुरू झाली, 2019 मध्ये स्थानक नव्याने बांधलं गेलं. मॉल भरभराटीत असेल तर आवारातलं स्थानक किती वाढू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण जागा दुसऱ्याची असते. बसचं वजन पेलायला काँक्रीट लागतं, पार्किंगचं डांबर त्यासाठी घातलेलं नसतं. खड्डे पडले की दुरुस्ती कोणी करायची यावर खटके उडतात. सणासुदीत आवारातल्या मोटारींच्या रांगेत बस अडकते आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या लांबतात. पुढे जाणाऱ्या मार्गावरच्या प्रवाशाला मॉलशी घेणंदेणं नसतं, तरी आत शिरून बाहेर पडण्याचा वळसा त्याला रोज सोसावा लागतो. मॉलची दारं बंद झाली की शेवटच्या बसची वाट पाहणारे उघड्यावर येतात. आणि मालकाचं मन फिरलं, तर?

न्यूयॉर्क राज्यात बफलोजवळ चीकटोवागाला वॉल्डन गॅलेरिया मॉल आहे. शहरातून येणारी 6 क्रमांकाची बस तिथे आवारात येऊ शकत नव्हती. तिचा थांबा सात पदरी वॉल्डन अव्हेन्यूच्या पलीकडे. डिसेंबर 1995 मध्ये मॉलमधल्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यावर कामाला जाणारी सतरा वर्षांची मुलगी तो रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडली आणि जानेवारीत तिचा मृत्यू झाला. शहरातले कृष्णवर्णीय प्रवासी येऊ नयेत म्हणून बसला मज्जाव होता, असा आरोप झाला. मॉलच्या मालकांनी तो नाकारला. 1999 मध्ये दावा सुमारे 25.5 लाख डॉलरवर मिटला. बसला आत प्रवेश मिळाला, पण तो मृत्यूनंतर. थांबा कुठे असावा हा सोयीचा किरकोळ मुद्दा आहे असं जिथे कोणी म्हणेल, तिथे ही हकिगत सांगावी.

आवाराबाहेरचं स्थानक

ब्रुकडेलच्या बाबतीत उलटं घडलं. ब्रुकलिन सेंटरचं बसस्थानक मॉलच्या शेजारी, पण आवाराबाहेर होतं. मॉल उतरणीला लागला, 2010 च्या आसपास बंद पडला आणि बहुतांश पाडला गेला. स्थानक जागचं हललं नाही. 2019 मध्ये तिथून सी लाइन ही जलद बससेवा सुरू झाली. 2022 मध्ये जुन्या 5 क्रमांकाच्या मार्गावर डी लाइन आली. तिचं एक टोक ब्रुकलिन सेंटर आणि दुसरं मॉल ऑफ अमेरिका. एका टोकाचा मॉल गेला, दुसऱ्याचा जोमात आहे, आणि बस दोन्हींना सारखीच जाते.

सिएटलच्या नॉर्थगेटचंही तेच. मॉल 1950 चा, शेजारचं बसस्थानक 1992 चं. तिथून शहराच्या मध्यभागी जाणारी 41 क्रमांकाची बस वर्षानुवर्षं धावली. ऑक्टोबर 2021 मध्ये लाइट रेल आली आणि ही बस बंद झाली. तोवर मॉलची बहुतेक दुकानंही उठली होती. टिकलं ते स्थानक.

स्वतःच्या जागेचा आणखी एक फायदा अडचणीच्या वेळी कळतो. टोरंटोत स्कारबरो टाउन सेंटरजवळची हलकी रेल्वे 24 जुलै 2023 ला रुळावरून घसरली आणि पुन्हा सुरूच झाली नाही. सारे प्रवासी बसवर आले. अशा वेळी बस उभ्या करायला ऐसपैस फलाट नसतील तर रस्ताच तुंबतो.

उणीव एकच, पण मोठी. दिवे, साफसफाई, सुरक्षा, चालकांचं स्वच्छतागृह, सगळा खर्च बससेवेच्या माथी येतो, आणि तिथे हात आखडला तर रात्री एकट्या बाईला तिथे उभं राहणं नको होतं. मधे मोठा रस्ता असेल तर वॉल्डनचीच पुनरावृत्ती.

मग निवड कशी करायची

चार-पाच मार्ग तिथेच संपणार असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: जागा बससेवेच्या मालकीची, मॉलच्या त्याच बाजूला, मधे एकही वाहता रस्ता नको, आणि दारापर्यंत छत असलेली पायवाट. मार्ग नुसते पुढे जाणारे असतील तर आत वळवूच नका. रस्त्यावरच थांबा द्या आणि ओलांडायला सिग्नल बसवा.

जागा विकत घेणं खरोखरच परवडत नसेल आणि आवारातच जायचं असेल, तर करार महिन्या-दोन महिन्यांच्या नोटिशीवर मोडता येणारा नको. बसचा वहिवाटीचा हक्क जमिनीच्या दस्तातच नोंदवून घ्या, म्हणजे मॉल विकला गेला तरी नवा मालक बांधील राहील. डांबर-काँक्रीटची दुरुस्ती कोणाकडे, सणाच्या गर्दीत बसची वाट कोण मोकळी ठेवणार, आणि पहिल्या बसपासून शेवटच्या बसपर्यंत कोणतं दार उघडं राहील, हेही त्याच कागदावर हवं.